जाहिरातींच्या लिलावांतील अडत

घरांतील वडील मंडळी सकाळीं मोबाइलवर वर्तमानपत्र उघडतात, आणि बातमीच्या शेजारीं एखाद्या साडीची किंवा कुकरची जाहिरात झळकते. ही जागा कोणी महिन्याच्या बोलीनें घेतली असेल, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः पान उघडतांना, सेकंदाच्या कांहीं अंशांतच, तिचा लिलाव होऊन गेलेला असतो. बोली लावणारीं माणसें नसून यंत्रें असतात; आणि जाहिरातदार व पत्र यांच्या मध्यें बहुधा दोन तरी अडत्ये बसलेले असतात. एक जाहिरातदाराच्या वतीनें बोली लावतो, दुसरा लिलावाचा बाजार चालवितो.

अडत घेऊंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. बाजार चालवावयाचा तर खर्च येतोच. परंतु सौदा पटल्यावर कापून घ्यावयाची रक्कम एवढेंच तिचें स्वरूप नाहीं. ती बोलींतच शिरते. समजा, साडीच्या व्यापाऱ्यास हजार वेळां जाहिरात दाखविण्यासाठीं १०० रुपये परवडतात. पहिल्या अडत्यानें शेंकडा १५ घेतले, राहिले ८५. त्यांवर बाजारवाल्यानें शेंकडा २० घेतले, म्हणजे १७ गेले. पत्राच्या दारीं पोंचली ती ६८ रुपयांची बोली. पत्रानें ७० च्या खालीं जागा द्यावयाची नाहीं असें ठरविलें असेल, तर सौदा मोडला. घेणारा शंभर मोजावयास तयार, देणारा सत्तरांत राजी, तरीहि व्यवहार नाहीं!

याहून चमत्कारिक गोष्ट पुढेंच आहे. कुकरवाल्यास ८० च रुपये परवडतात, पण त्याच्या वाटेवरील एकूण अडत शेंकडा १० आहे. त्याची बोली ७२ ची होऊन पोंचते व तो जिंकतो. ज्याला त्या जागेचें मोल अधिक, तोच हरतो.

मग जाहिरातदार अडत ध्यानांत धरून बोली वाढवीत कां नाहीं? कारण त्याचें मोल शंभरांपलीकडे जात नाहीं. लंडनमध्यें १९७५ सालीं क्रिस्टीज व सदबीज या लिलावगृहांनीं खरेदीदारावर शेंकडा १० जादा आकार बसविला. शहाणा खरेदीदार तेवढी रक्कम मनांतल्या मनांत वजा करूनच बोली लावतो. आकार नांवाला त्याच्यावर, पण ओझें बहुतांशीं विकणाऱ्याच्या माथीं. येथेंहि तेंच. बातमीदारांचे पगार ज्या उत्पन्नांतून व्हावयाचे, तें घटतें.

हा तोटा थोडाथोडका नव्हे. ‘गार्डियन’ पत्रानें २०१६ सालीं स्वतःचीच जागा लिलावांतून विकत घेऊन पाहिली; कांहीं वेळां पौंडामागें अवघे ३० पेन्स त्याच्या पदरीं पडले. ब्रिटिश जाहिरातदारांच्या ‘इस्बा’ या संस्थेनें करविलेल्या तपासणींत २०२० सालीं आढळलें कीं, १०० पौंडांपैकीं प्रकाशकांस ५१ पौंडच मिळाले होते, आणि १५ पौंडांचा हिशेबच लागेना. अडत कापली जाते हें एक वेळ समजूं. पण पैसा गेला कोठें हेंच ठाऊक नसावें?

स्पर्धेनें अडत उतरावयास हवी होती. पण ज्या बाजारांत असंख्य जाहिरातदार येतात तो सोडून पत्रांनीं जावें कोठें? गूगलच्या लिलावबाजाराची शेंकडा २० ची अडत वर्षानुवर्षें तशीच राहिली. एप्रिल २०२५ मध्यें व्हर्जिनियांतील संघीय न्यायालयाच्या न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनीं या व्यवसायांत गूगलनें बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निर्णय दिला. मोठे जाहिरातदार आतां एकाच जागेच्या निरनिराळ्या वाटा ताडून पाहतात आणि जींत हात कमी, ती धरतात.