शस्त्रक्रिया आईची, दूध बाळाचे

बाळ अजून अंगावर पीत असताना आईला शस्त्रक्रिया करावी लागणार असे कळले, की घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात पहिली शंका येते ती दुधाची. भुलीचे औषध दुधात उतरेल, बाळाला बाधेल, या भीतीने काही घरांत बाळाचे दूध तोडले जाते, तर काही ठिकाणी आवश्यक शस्त्रक्रियाच पुढे ढकलली जाते. या दोन्ही गोष्टींची सहसा गरज नसते.

शहरात भूलतज्ज्ञाला विचारून शंकेचे निरसन करता येते. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न अंतराशीही जोडलेला आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात पाच तालुके आहेत. २०२४ मध्ये हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मात्र अवघड शस्त्रक्रियेसाठी नांदेडची वाट धरण्याची सवय जुनी आहे. सेनगाव किंवा औंढा नागनाथ तालुक्यातील आई नांदेडला आणि बाळ गावी राहिले, तर भुलीपेक्षा या ताटातुटीनेच दूध तुटण्याचा धोका अधिक असतो.

तान्ह्या बाळाच्या आईवर ग्रामीण भागात सर्रास होणारी शस्त्रक्रिया म्हणजे कुटुंबनियोजनाची. पोटाला लहान छेद देऊन ती प्रसूतीनंतर सात दिवसांच्या आत करता येते; तो काळ टळला तर सहा आठवडे थांबावे लागते. अपेंडिक्स, पित्ताशयातील खडे किंवा स्तनातील गळू यांसाठीही वेळ येऊ शकते.

भुलीची आधुनिक औषधे रक्तातून वेगाने उतरतात. दुधात येणारा अंश अत्यल्प असतो आणि त्यातील बराचसा बाळाच्या पोटात शोषलाच जात नाही. त्यामुळे आई पूर्ण शुद्धीवर आली, बाळाला धरण्याइतकी सावध झाली, की तिने पाजण्यास हरकत नसते. दूध पिळून फेकून देण्याचेही कारण नाही. ब्रिटनमधील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये हाच सल्ला दिला. कमरेत इंजेक्शन देऊन केवळ खालचा भाग बधिर केला असेल, तर आई जागीच असते.

खबरदारी हवी ती वेदनाशामकांबाबत. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही औषधे सामान्यतः चालतात. कोडीन आणि ट्रॅमाडॉल मात्र टाळावीत, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला. काही स्त्रियांच्या शरीरात या औषधांचे तीव्र द्रव्यात फार झपाट्याने रूपांतर होते आणि बाळाचा श्वास मंदावू शकतो. बाळ नेहमीपेक्षा जास्त झोपू लागले, ओढून पीत नसेल, तर त्वरित डॉक्टरांना दाखवावे. अपुऱ्या दिवसांच्या किंवा आजारी बाळाबाबत आधीच विचारणे श्रेयस्कर.

शस्त्रक्रियेच्या दिवसाची आखणी साधी आहे. आपण अंगावर पाजतो हे आईने डॉक्टर व भूलतज्ज्ञ दोघांनाही सांगावे. तिने उपाशी राहायचे असले तरी बाळाने उपाशी राहायचे नसते. शस्त्रक्रियागृहात नेण्यापूर्वी त्याला पोटभर पाजावे. काढून ठेवलेले दूध स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात साधारण चार तास टिकते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्याहून लवकर वापरावे. ते बाटलीऐवजी वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्यावे. नंतर टाक्यांवर भार येऊ नये म्हणून आईने कुशीवर निजून पाजावे. गुंगी उतरेपर्यंत मात्र जागे असलेले कोणीतरी जवळ हवे आणि बाळाला आईच्या कुशीत झोपू देऊ नये.

पाजणे लांबले तर दूध साठून गाठी होतात, ताप येतो आणि पुढे पान्हाही कमी होऊ शकतो. म्हणूनच आईसोबत बाळ आणि बाळासोबत एक जाणती बाई, एवढी व्यवस्था घरच्यांनी केली, तर शस्त्रक्रियाही वेळेवर होईल आणि बाळाचे दूधही तुटणार नाही.