तलफेशी भांडू नका, तिच्याकडे नीट पाहा

जेवण झालं की हात आपोआप खिशाकडे जातो. डबी उघडते. तळहातावर चिमूटभर तंबाखू, नखावरचा चुना, अंगठ्याने मळणं, दोन थापट्या मारून भुकटी उडवणं आणि बार ओठाखाली. हे सगळं गप्पांच्या ओघात उरकतं. मळणाऱ्याचं त्याकडे लक्षही नसतं.

तंबाखू घातक आहे, हे या माणसाला ठाऊक नाही असं नाही. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात, तंबाखू खाल्ल्याने गंभीर आजार होतात, असं देशातल्या ९५ टक्क्यांहून अधिक प्रौढांनी सांगितलं. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते आणि त्यांतले बहुसंख्य तंबाखू खाणारे होते. म्हणजे माहिती घरोघरी पोहोचली, तरी सवय जागची हलली नाही. असं का होतं आणि यावर उपाय काय, याचा शोध गेली काही दशकं मेंदूविज्ञान आणि मानसशास्त्र घेत आहे.

मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोग इथे उपयोगी पडतात. माकडाला फळांचा रस मिळाला की त्याच्या मेंदूतल्या डोपामिन सोडणाऱ्या पेशी चेतवल्या जात. रसाआधी दरवेळी एक ठरावीक खूण दाखवायला सुरुवात केल्यावर मात्र काही काळाने त्या पेशी रस मिळताना शांत राहू लागल्या आणि खूण दिसताच चेतू लागल्या. माणसाची सवयही अशीच घडते. जेवणानंतरची वेळ, चहाचा कप, टपरीवरचा मित्र या झाल्या खुणा. खूण दिसली की तलफ येते, बार भरला की बरं वाटतं आणि प्रत्येक वेळी ही साखळी आणखी घट्ट होते. पुढेपुढे त्यासाठी विचारही करावा लागत नाही. वेष्टनावरचं कर्करोगाचं चित्र विचारांशी बोलतं. हात मात्र खुणेचं ऐकतो.

या साखळीत सजगता, म्हणजे मनात आणि शरीरात जे घडतं ते शांतपणे पाहणं, कुठे शिरते, हे वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट यांनी दाखवलं. तलफ समुद्राच्या लाटेसारखी असते, असं ते सांगत. ती चढते, शिगेला पोहोचते आणि ओसरते. तिला थोपवायला जाऊ नये, तिच्यावर स्वार व्हावं. सारा बोवेन यांच्यासह त्यांनी धूम्रपान करणाऱ्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास २००९मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना हे तंत्र थोडक्यात शिकवलं होतं, त्यांची तलफ इतरांपेक्षा कमी झाली नव्हती. तरीही पुढच्या सात दिवसांत त्यांनी सिगारेटी कमी ओढल्या. तलफ तेवढीच होती, पण तिचा हुकूम पाळणं कमी झालं होतं.

२०११मध्ये जडसन ब्रुअर आणि येल विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी ८८ धूम्रपान करणाऱ्यांवरची चाचणी प्रसिद्ध केली. साधारण अर्ध्यांना प्रचलित व्यसनमुक्ती कार्यक्रम दिला, उरलेल्यांना सजगतेचं प्रशिक्षण. चार महिन्यांनी पाहिलं तेव्हा पहिल्या गटातले ६ टक्के, तर दुसऱ्या गटातले ३१ टक्के लोक सिगारेटपासून दूर होते. ब्रुअर आणखी एक गोष्ट करायला लावतात: ओढायचीच असेल तर पूर्ण लक्ष देऊन ओढा. तसं केल्यावर एका महिलेला सिगारेटचा वास नासक्या चीजसारखा आणि चव रसायनांसारखी लागली. धूम्रपान वाईट हे तिला आधीही माहीत होतं. आता ते तिच्या जिभेला कळलं, आणि सवयीची किंमत मेंदूत नव्याने ठरते ती अशा थेट अनुभवातून.

शरीरातल्या संवेदना लगेच प्रतिक्रिया न देता पाहणं, हे आपल्याला परकं नाही. बौद्ध ध्यानपरंपरेतली ही साधना सत्यनारायण गोएंका यांनी आपल्याकडे रुजवली आणि इगतपुरीच्या धम्मगिरी या ध्यानकेंद्रातून ती जगभर पसरली. आधुनिक विज्ञानाने तिची चाचणी घेतली, आणि चाचणी म्हटली की उलटे निकालही मान्य करावे लागतात. ब्रुअर यांच्याच गटाने पुढे मोबाइल अ‍ॅपमधून हे प्रशिक्षण दिलं, तेव्हा सोडणाऱ्यांचं प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा वाढलं नाही. तलफ आणि सिगारेट यांच्यातला धागा मात्र सैल झालेला दिसला. तेव्हा सजगता ही जादूची कांडी नव्हे. निकोटिनचं व्यसन शरीरालाही जडलेलं असतं. समुपदेशन आणि गरज असेल तिथे डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घ्यायलाच हवं. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर समुपदेशन विनाशुल्क मिळतं.

करायचं काय, ते साधं आहे. तलफ आली की डबी उघडण्याआधी थांबावं. ती शरीरात नेमकी कुठे जाणवते ते पाहावं: तोंडाला सुटलेलं पाणी, आवळलेला जबडा, छातीतली अस्वस्थता, बोटांची चुळबुळ. ती वाढते की उतरते, याकडे काही मिनिटं लक्ष ठेवावं. तरीही बार भरलाच, तर गप्पा थांबवून त्याची चव, चुन्याची आग आणि नंतरची मळमळ पूर्ण लक्ष देऊन अनुभवावी. स्वतःला दोष देत बसू नये. पुढच्या तलफेला पुन्हा तेच करावं.

व्यसन सुटलं नाही की आपण माणसाच्या मनोबलाला नावं ठेवतो, घरचे टोमणे मारतात आणि तो लपून खाऊ लागतो. लपूनछपून, घाईघाईत खाताना तर लक्ष देणं आणखीच अवघड होतं. त्यापेक्षा त्याला सवय कशी घडते हे समजावून सांगितलं आणि तलफेकडे पाहण्याची रीत शिकवली, तर त्याच्या हाती करण्याजोगं काहीतरी येतं. ज्ञान आणि सजगता यांची गाठ पडते ती तिथेच. व्यसनमुक्तीच्या प्रत्येक फलकावर धोक्याच्या चित्राशेजारी ही रीतही चार ओळींत लिहिलेली असायला हवी.