तीन व्यापारी, एक थैली आणि एक जैन आचार्य

परभणीच्या मोंढ्यातील जुन्या पिढीच्या व्यापाऱ्यांनी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, औटकी पाठ केलेली असे. सव्वातेरा क्विंटल तुरीची रक्कम सांगण्यास त्यांना कागद लागत नसे. नातवंडांनाही कागद लागत नाही. त्यांना मोबाईल लागतो. उत्तर दोघांचेही बरोबर येते. अडचण येते ती कुणी 'असे का?' म्हणून विचारल्यावर. 100 रुपयांच्या वस्तूची किंमत आधी 20 टक्क्यांनी वाढविली आणि मग तीवर 20 टक्के सूट दिली, तर गल्ल्यात 100 नव्हे, 96 रुपये येतात. चार रुपये कोठे गेले, हा प्रश्न व्यापारी घरातील मूल आज ना उद्या विचारतेच. सूट 100 वर नव्हे, 120 वर दिली गेली, एवढे सांगितले की त्याचे समाधान होते. परंतु बहुतेक घरांत 'हिशेबच तसा असतो' यावर विषय संपतो.

व्यवहारातील प्रश्नाला व्यवहाराच्याच भाषेत उत्तर देण्याची परंपरा आपल्या समाजाला नवी नाही. इ. स. 850 च्या सुमारास महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' हा संस्कृत ग्रंथ रचला. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांचा तो काळ. त्यांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड. आजचा मराठवाडा राष्ट्रकूटांच्याच राज्यात होता. ग्रंथारंभी आचार्यांनी भगवान महावीरांना वंदन केले आहे ते संख्याज्ञानाच्या दीपाने विश्व उजळणारे म्हणून. गणित कोठे कोठे लागते, याची त्यांनी दिलेली यादी वाचताना आजही गंमत वाटते: अर्थशास्त्र, संगीत, नाट्य, वास्तुविद्या, वैद्यक, इतकेच काय, पाकशास्त्रसुद्धा. तत्पूर्वीच्या अनेक ग्रंथांत गणित हे ज्योतिषाच्या एखाद्या अध्यायापुरते येई. आचार्यांनी त्यास स्वतंत्र ग्रंथाचा मान दिला.

त्यातील एक उदाहरण तर थेट बाजारपेठेतील आहे. तीन व्यापाऱ्यांना वाटेत पैशांची थैली दिसते. पहिला म्हणतो, "ही मला मिळाली तर माझे धन तुम्हा दोघांच्या एकत्रित धनाच्या दुप्पट होईल." दुसरा म्हणतो, "मला मिळाली तर तिप्पट होईल." तिसरा म्हणतो, "मला मिळाली तर पाचपट." तर थैलीत किती आणि प्रत्येकाजवळ किती?

शाळेत शिकविलेल्या समीकरणांच्या वाटेने गेल्यास चार अज्ञात राशी पाहून विद्यार्थी बिचकतो. सरळ वाट अशी: थैली आणि तिघांचे धन मिळून जी एकूण रक्कम होते, तिचा विचार करावा. पहिल्याकडे थैलीसह इतरांच्या दुप्पट असेल, तर एकूणाच्या तीन भागांपैकी दोन भाग त्याच्याकडे आले. त्याच न्यायाने दुसऱ्याकडे चारांपैकी तीन आणि तिसऱ्याकडे सहांपैकी पाच. एकूणाचे 24 भाग केले, तर हे अनुक्रमे 16, 18 आणि 20 भाग होतात. त्यांची बेरीज 54. या बेरजेत प्रत्येकाचे धन एकदा, पण थैली तीनदा मोजली गेली. एकूण भाग 24 च असल्याने जास्तीचे 30 म्हणजे दोनदा अधिक धरलेली थैली. म्हणून थैलीत 15. पहिल्याजवळ 1, दुसऱ्याजवळ 3, तिसऱ्याजवळ 5. पडताळा पाहावा: 1 आणि 15 मिळून 16, ते 3 व 5 यांच्या बेरजेच्या दुप्पट आहेत. उरलेले दोन पडताळे घरातील मुलांकडून करून घ्यावेत. (सापडलेली थैली ठेवून घेणे अचौर्यव्रतात बसते का, हा प्रश्न मुले विचारतीलच. त्याचे उत्तर गणितात नाही.)

ग्रंथाच्या मिश्रक व्यवहारात व्याजाची उदाहरणे विपुल आहेत. मुद्दल व व्याज यांची एकत्रित रक्कम देऊन दोन्ही वेगळी काढण्यास सांगणारीही आहेत. आजच्या दुकानदारास नेमके हेच कौशल्य लागते. समजा, 1,20,000 रुपयांचे कर्ज एका वर्षासाठी 'सरसकट 12 टक्के' दराने मिळत आहे. व्याज 14,400 रुपये, बारा हप्ते प्रत्येकी 11,200 रुपयांचे. दर 12 टक्के दिसतो. तो तेवढा असतो का? दरमहा 10,000 रुपये मुद्दल फिटत जाते. पहिल्या महिन्यात 1,20,000 रुपये वापरावयास मिळतात, तर शेवटच्या महिन्यात केवळ 10,000. बारा महिन्यांची सरासरी 65,000 रुपये. त्यावर 14,400 रुपये व्याज म्हणजे ढोबळमानाने 22 टक्के. काटेकोर हिशेबाने साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास. घटत्या शिलकीवर 15 टक्के मागणारा सावकार येथे स्वस्त ठरतो. सही करण्यापूर्वी हा हिशेब पाकिटाच्या पाठीवरही मांडता येतो, आणि कित्येक कुटुंबांत तो मांडला जात नाही.

मोठ्या माणसाचे उत्तरही तपासून घ्यावे लागते. ऋण संख्येस वर्गमूळ नाही, कारण ती कोणाचाच वर्ग नाही, असे आचार्य कारणासह सांगतात. शून्याविषयी मात्र ते चुकले. संख्येला शून्याने गुणल्यास शून्य येते, हे त्यांनी बरोबर सांगितले. पण शून्याने भागल्यास संख्या तशीच राहते, असेही लिहिले. भागाकाराचा पडताळा गुणाकाराने होतो. 12 ला 3 ने भागून 4 येतात, कारण 4 त्रिक 12. बाराला शून्याने भागून बाराच येत असतील, तर बारा गुणिले शून्य बारा यावेत. ते तर त्यांच्याच नियमाने शून्य येतात. या दोषाने ग्रंथाची थोरवी कमी होत नाही. अकराव्या शतकात पावुलूरि मल्लनाने तो तेलुगूत नेला; 1912 मध्ये मद्रासहून रंगाचार्यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. आणि 1963 मध्ये लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह तो प्रसिद्ध केला तो आपल्या सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने, जीवराज जैन ग्रंथमालेत. जीवराज गौतमचंद दोशी यांनी आपली संपत्ती ज्या कार्यास वाहिली, त्याचे हे एक फळ.

ग्रंथाचा शेवटचा भाग छायेचा आहे. जिंतूरजवळच्या नेमगिरीला दर्शनास जाणाऱ्या कुटुंबांना वाटेतील एखाद्या मंदिराच्या शिखराची उंची याच रीतीने काढता येईल. एक मीटरची काठी सपाट जागी उभी करावी. तिची सावली अर्धा मीटर पडली असता शिखराची सावली सहा मीटर भरली, तर उंची बारा मीटर. सूर्य इतका दूर आहे की काठीवर आणि शिखरावर पडणारे किरण समांतरच मानता येतात, म्हणून हे प्रमाण जुळते. एक पथ्य मात्र पाळावे: सावली भिंतीपासून न मोजता कळसाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून मोजावी, नाहीतर उंची कमी भरते. परभणी जिल्हा कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे सव्वाएकोणीस अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरच्या आठवड्यात भर मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येतो. त्या वेळी काठीची सावली तिच्या बुडाशीच गडप होते आणि मोजण्यासारखे काही उरत नाही; दोन तास थांबावे लागते. जुलैत ढगांचीही अडचण असते.