पाणीवापर संस्थेत सर्व लाभधारकांना स्थान

बारामती व इंदापूर या तालुक्यांतील बागायतीस नीरा डाव्या कालव्याचा मोठा आधार आहे. 1876-77 च्या भीषण दुष्काळानंतर या कालव्याचे काम हाती घेण्यात आले. पुढे 1928 साली भाटघरचे मोठे धरण पूर्ण झाले, पाण्याचा साठा वाढला आणि उसाचे क्षेत्रही वाढले. तथापि, चारीच्या तोंडाशी मुबलक पाणी व शेवटाला कोरडी जमीन, ही तक्रार मात्र जुनीच राहिली.

या विषमतेने केवळ शेवटच्या शेतकऱ्याचेच नुकसान होते असे नाही. पुढील पाळी वेळेवर मिळेल याची खात्री नसली, म्हणजे वरच्या अंगाचा शेतकरी हाती आलेले पाणी गरजेपेक्षा अधिक देतो. त्यामुळे भूगर्भातील पाण्याची पातळी वर येते, पाण्याची वाफ होऊन जाते आणि क्षार मात्र जमिनीच्या पृष्ठभागावर साठतात. नीरा खोऱ्यातील अशा खारवट जमिनींचा अभ्यास डॉ. हॅरोल्ड मॅन व त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी 1910 सालीच प्रसिद्ध केला होता. जे पाणी खाली वाळणारे पीक वाचविते, तेच वर जमीन बिघडविते.

संस्था कोणाची?

पूर्वी पाणीवापर संस्था 1960 च्या सहकारी संस्था कायद्याखाली स्थापन होत. सभासद होणे ऐच्छिक असल्यामुळे काही खातेदार बाहेर राहत. समजा, एका लघुवितरिकेवर 90 खातेदार आहेत व त्यांपैकी 55 सभासद आहेत. उरलेले 35 जण त्याच चारीतून पाणी घेणार, परंतु संस्थेची शेजपाळी त्यांना बंधनकारक नाही. अशा स्थितीत एकाने मध्येच चारी फोडली, तरी सर्वांची पाळी चुकते.

महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, 2005 याने ही उणीव दूर केली. संस्थेच्या क्षेत्रातील सर्व जमीनधारक व भोगवटादार तिच्या कक्षेत येतात. संचालक मंडळावर शीर्ष, मध्य व पुच्छ या तिन्ही भागांतून समान संख्येने प्रतिनिधी निवडले जातात, महिलांसाठी जागा राखीव असतात, आणि अध्यक्षपद तिन्ही भागांकडे आळीपाळीने जाते. संस्थेस पाणी मोजून मिळते व आकारणीही त्याच मापाने होते. मिळालेल्या हिश्शात कोणते पीक घ्यावे, हे शेतकरी ठरवितो. म्हणून बचत केलेल्या पाण्याचा लाभ बचत करणाऱ्यासच मिळतो. इंदापूर तालुक्यात उजनी जलाशयावरून पाणी उचलणाऱ्यांसाठीही उपसा सिंचन संस्थेची तरतूद याच अधिनियमात आहे.

गावपातळीवरील कार्य

कायद्याने दिलेले स्थान यादीत नाव नसल्यास व्यर्थ जाते. पुष्कळ ठिकाणी सातबारावर मृत खातेदाराचे नाव तसेच राहते. वारसांची, विशेषतः विधवा व मुलींची, नोंद झालेली नसते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे :

1. लाभक्षेत्राचा नकाशा व सातबारा ताडून खातेदारांची यादी चावडीवर वाचून दाखवावी. वारसनोंद राहिली असल्यास तलाठ्याकडे अर्ज देण्यास साहाय्य करावे.

2. चारी ताब्यात घेण्यापूर्वी जलसंपदा विभागाच्या कर्मचाऱ्यांसमवेत संयुक्त पाहणी करावी. दारे, गळती व मोजमापाची साधने तपासून दुरुस्तीची यादी लेखी ठेवावी.

3. प्रत्येक आवर्तनापूर्वी शेजपाळी फलकावर लावावी. कोणास किती वेळ पाणी मिळाले, याची नोंद सर्वांना पाहण्यास खुली असावी.

4. सभा शेवटाकडील वस्तीवरही घ्यावी. तेथील शेतकरी बोलू लागला, म्हणजे चारीतील खरी गळती कोठे आहे ते कळते.

संस्था सुरळीत चालली आहे की नाही, याची कसोटी कार्यालयातील दप्तरात नसून चारीच्या शेवटच्या शेतात आहे. तेथे ठरलेल्या दिवशी पाणी पोहोचले, तर वरच्या अंगाची जमीनही खारावण्यापासून वाचेल.