रोगट पानाचा फोटो काढताना फ्लॅश टाळा

डाळिंबावरील तेल्या रोग फोटोवरून ओळखावयाचा असेल, तर डागाची तेलकट, पाणथळ कडा दिसणे आवश्यक असते. जवळून फ्लॅश मारल्यास पान चकाकते व नेमकी हीच कडा नाहीशी होते. पांढऱ्या झळाळीवरून आम्ही सल्ला तरी काय द्यावा? निदान चुकले की फवारणीचा खर्च वाया जातो व रोग बागेत पसरतो.

म्हणून फ्लॅश बंद करून पान सावलीत धरावे. कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता, म्हणजे आय.एस.ओ., २०० ते ४०० ठेवावी. सायंकाळी ती १६०० पर्यंत वाढविल्यास फोटो उजळतो खरा, परंतु दाणेदार होतो व बारीक डाग त्यात हरवतात. त्यापेक्षा सकाळी काढावा. आणखी एक फोटो पान उजेडाकडे धरून काढावा. तेल्याच्या कोवळ्या डागातून उजेड आरपार दिसतो.