रानात निरोगी, पिंजऱ्यात मधुमेही

घोडबंदर रस्त्यावरचं चेणे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला खेटून आहे. अशा वस्तीत घरट्यातून पडलेलं खारीचं पिल्लू कुणाच्या तरी हाती लागतं आणि मायेपोटी घरातच ठेवलं जातं. मग त्याच्या वाट्याला बिस्किटं, पोळी, शेंगदाणे, द्राक्षं येतात. ही माया खरी असते, पण कुरतडणाऱ्या रानप्राण्यांच्या शरीराविषयीचे काही समज चुकीचे असतील, तर तीच त्यांच्या जिवावर उठू शकते.

गैरसमज : मधुमेह माणसाचा आजार, रानप्राण्यांना तो होत नाही.

वस्तुस्थिती : रानात तो सहसा आढळत नाही, एवढंच यात खरं आहे. उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या वाळवंटात सॅमोमिस नावाचा उंदरासारखा प्राणी राहतो. तिथली खारट, रसदार झुडपं खाऊन तो ठणठणीत जगतो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी या प्राण्यांना प्रयोगशाळेतलं नेहमीचं खाद्य दिलं, तेव्हा अनेकांच्या रक्तातली साखर वाढली, डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि काही दगावले. १९६४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे दक्षिण अमेरिकेतल्या टुको-टुको आणि डेगू या प्राण्यांतही बंदिवासातला मधुमेह नोंदला गेला. प्राणी तेच होते, बदललं होतं त्यांचं जगणं.

गैरसमज : गोड दिलं नाही की झालं.

वस्तुस्थिती : सॅमोमिसला आजारी पाडणारं खाद्य मिठाई नव्हती. धान्यापासून बनवलेल्या त्याच गोळ्यांवर साधे पांढरे उंदीर व्यवस्थित जगत होते. कमी उष्मांकाच्या पाल्यावर उत्क्रांत झालेल्या शरीराला मात्र ते अन्न फार दाट ठरलं. टंचाईत तगण्यासाठी मिळालेलं अन्न साठवून ठेवणं हा अशा शरीराचा गुण असतो. दाट अन्न सतत समोर असलं आणि त्यासाठी धावावं लागलं नाही, की त्याच गुणाचा भार होतो. म्हणून पोळी, भात, फरसाण निर्धोक आणि साखर तेवढी वाईट, अशी विभागणी टिकत नाही. यावर आक्षेप असा, की एकाच खाद्यावरचे सगळे सॅमोमिस मधुमेही झाले नाहीत, म्हणजे दोष आनुवंशिकतेचाच. आनुवंशिकतेचा वाटा आहेच. कुणाला आजार लवकर होतो, कुणाला होतच नाही, हे तिच्यावर अवलंबून असतं. पण मूळच्या पाल्यावर किंवा मोजक्या आहारावर ठेवलेले त्यांचे जातभाई निरोगी राहिले. आनुवंशिकता बदलणं आपल्या हाती नाही, वाटीत काय घालायचं ते आहे.

गैरसमज : गुबगुबीत प्राणी सुदृढ असतो, आणि साखर एकदा मोजली की निदान होतं.

वस्तुस्थिती : अशा प्राण्यांत लठ्ठपणा ही पुष्कळदा आजाराची पहिली पायरी असते. फार पाणी पिणं, वारंवार लघवी, खाऊनही वजन घटणं, डोळा पांढुरका दिसणं ही पुढची लक्षणं. उलट, पकडलेल्या प्राण्याच्या रक्तातली साखर नुसत्या भीतीनेही वाढते; माणसासाठी बनवलेलं यंत्र प्राण्याच्या रक्ताचा आकडा चुकवू शकतं. म्हणून एका आकड्यावरून घरच्या घरी औषध देणं धोक्याचं आहे. निदान प्राणिवैद्यानेच, पुन्हा पुन्हा तपासून करायचं असतं.

कुणी म्हणेल, उपाशी मरण्यापेक्षा बिस्किट बरं. पण पर्याय एवढे दोनच नसतात. पिल्लू सापडलं तर त्याला ऊब द्यावी, गाईचं दूध पाजू नये, जवळच आई दिसत असेल तर तिला ते परत नेण्याची संधी द्यावी आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. जाणकारांच्या देखरेखीत वाढवून ते रानात परतलं, तर त्याला बिया, साली, किडे आणि दिवसभराची धावपळ मिळते. बंदिवासातल्या मधुमेहावर याहून खात्रीचा प्रतिबंध नाही. ज्या जिवावर आपण माया करतो, त्याला आपल्या ताटातलं नव्हे, त्याच्या रानातलं अन्न मिळवून देणं हीच त्याची खरी काळजी.