असईचा उतार आणि जपानी पट

जालना जिल्ह्यात असई गाव आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी तेथे केळणा नदीपलीकडे शिंदे-भोसल्यांचे सैन्य उभे होते. जवळपास उतार नाही, असे वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितले. पण दोन्ही काठांवर समोरासमोर गावे पाहून त्याने ताडले, की मध्ये उतार असलाच पाहिजे. तो निघालाही! मात्र जिंकूनही त्याचे सुमारे 1,600 लोक मेले वा जखमी झाले.

असाच विचार करायला लावणारे व्हिडिओ गेम जपानात बनतात. 1990 च्या ‘फायर एम्ब्लेम’मध्ये पटावर डोंगर, जंगल, पूल असतात. पडलेला सोबती सहसा परत येत नाही, म्हणून कथा मनाला लागते.

मला 1997 चा ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’ अधिक आवडतो. दर ठोक्याला प्रत्येक योद्ध्याच्या खाती त्याच्या वेगाइतके गुण जमतात. 100 भरले की त्याची पाळी. वेग 10 असेल तर 10 ठोके लागतात, 8 असेल तर 13. (का, ते मांडून पाहा.) कथा राजगादीच्या कलहाची, शतकांनंतर एका इतिहासकाराने सांगितलेली.

नवा खेळ शोधताना पहिली लढाई नीट पाहा. सोंगटी टेकडीवर ठेवली काय नि नदीत ठेवली काय, सारखेच होत असेल, तर तो खुशाल सोडून द्या.